श्रेय गुटीचे नव्हे

तान्ह्या बाळांच्या बहुतेक तक्रारी औषधाविना बऱ्या होतात. संध्याकाळचे न थांबणारे रडणे तीन-चार महिन्यांत ओसरते, साधी सर्दी आठ-दहा दिवसांत जाते, साधे जुलाब आठवड्याभरात आटोक्यात येतात, सतत चिपडणारा डोळा वर्षाच्या आत बहुधा आपोआप मोकळा होतो. त्यामुळे बालोपचारात कोणताच उपाय नापास होत नाही. सर्दीच्या चौथ्या दिवशी ओव्याची पुरचुंडी शेकली काय, महागडे सिरप पाजले काय किंवा काहीच केले नाही काय, दहाव्या दिवशी बाळ खेळतेच. आदल्या दिवशी जे दिलेले असते त्याच्या नावावर श्रेय जमा होते, आणि पुढच्या बाळाच्या वेळी तोच उपाय ‘अनुभवाचा’ म्हणून पुढे येतो.

घरगुती बालोपचारांच्या बाजूने तीन मुद्दे ठामपणे मांडले जातात. पिढ्यान्‌पिढ्या हेच दिले आणि मुले ठणठणीत राहिली. ही सगळी झाडपाल्याची, स्वयंपाकघरातली द्रव्ये, त्यांनी फायदा झाला नाही तरी अपाय होत नाही. आणि डॉक्टर तरी काय करतात, चार बाटल्या लिहून देतात. त्यापेक्षा आजीची गुटी बरी. यातला तिसरा मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणून त्याचा विचार शेवटी. पहिले दोन मात्र टिकत नाहीत.

‘आमच्या आजीने आठ मुले वाढवली’ हे वाक्य वाढलेल्या मुलांकडून ऐकायला मिळते. जी वाढली नाहीत ती साक्षीला येत नाहीत. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ बाळे पहिला वाढदिवस बघत नव्हती, म्हणजे जवळजवळ आठातले एक. २०२३ साली हा आकडा २५ वर आला. गुटी कमी झाली म्हणून मृत्यू घटले असे कोणी म्हणू नये; लसी, दवाखान्यातली बाळंतपणे, पिण्याचे पाणी, मीठ-साखरेचे पाणी अशी बरीच कारणे त्यामागे आहेत. पण ज्या काळाचा दाखला दिला जातो त्या काळात घरोघर ‘दोन गेली’ हे वाक्य इतके सहज उच्चारले जाई की त्याचा कोणी वेगळा हिशेब ठेवत नसे. तो हिशेब ठेवला तर परंपरेचा दाखला उपायाच्या बाजूने उभा राहत नाही. विरुद्ध बाजूनेही राहत नाही. तो पुरावाच नव्हे, एवढेच.

आता गुटी. हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, मुरुडशेंग, सुंठ, जायफळ, मायफळ, अतिविष, काकडशिंगी, ज्येष्ठमध, सागरगोटा, बदाम, खारीक ही त्यातली नेहमीची मंडळी. सहाणेवर आईच्या दुधात किंवा पाण्यात एकेकाचे वेढे घ्यायचे, कशाचे एक, कशाचे चार, आणि चाटण बोटाने बाळाच्या जिभेवर लावायचे. मात्रा मोजायची ती वेढ्यांत. पण वेढा किती मोठा, हात किती जड, हळकुंड ओले की सुके, यावर एका वेढ्यातून किती द्रव्य उतरेल ते ठरते. दोन घरांतली गुटी सारखी नसते. एकाच घरातली आजची आणि उद्याची गुटीही सारखी नसते. उगाळून झाले की खारकेचा आणि बदामाचा ओला तुकडा तसाच डबीत परत जातो. पावसाळ्यात आठवड्याभराने ती डबी उघडून पाहावी: खारकेच्या झिजलेल्या बाजूवर करडी लव आलेली असते, आणि ती पुसून वेढे पुन्हा सुरू होतात. सहाण देवघरातल्या चंदनाची असेल तर ती साध्या पाण्याने विसळलेली असते, तेवढेच.

द्रव्येही सगळी निरुपद्रवी नाहीत. जायफळातले मिरिस्टिसिन मोठ्या मात्रेत गुंगी आणते. वेखंडातल्या बीटा-असारोनमुळे अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी आहे. मोठ्या माणसाने चिमूटभर जायफळ बासुंदीत खाणे आणि चार किलोच्या बाळाला ते रोज चाटवणे यात वजनाचा हिशेब आड येतो. शिवाय पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काही देऊ नये, पाणीसुद्धा नाही, ही जागतिक आरोग्य संघटनेची २००१ पासूनची शिफारस आहे. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब, लस आणि गरज पडल्यास क्षारसंजीवनी (ओआरएस) एवढेच अपवाद. गुटी त्या नियमात बसत नाही, आणि तिच्यासोबत जाणारे न उकळलेले पाणी तर मुळीच नाही.

गुटीचे समर्थक आयुर्वेदाचे नाव घेतात तेव्हा एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. बालरोगांवरचा प्राचीन ग्रंथ म्हणून ज्या काश्यपसंहितेकडे बोट दाखवले जाते, तिच्या लेहाध्यायात चाटण कोणाला द्यावे याबरोबरच कोणाला देऊ नये हेही सांगितले आहे. सरसकट सर्व बाळांना सकाळी आंघोळीनंतर एकच चाटण, ही त्या ग्रंथाची शिस्त नव्हे. ती बाजारात मिळणाऱ्या तयार डबीची शिस्त आहे.

गुटीची खरी परीक्षा रडण्यावर होते. ‘गुटी दिली की बाळ शांत झोपते.’ दीड-दोन महिन्यांच्या वयात रडणे शिगेला पोचते. दिवसात तीन तास, आठवड्यातून तीन दिवस, याप्रमाणे रडणाऱ्या पण वजन नीट वाढणाऱ्या बाळाला पोटशूळ आहे असे म्हणण्याची पद्धत १९५४ पासून रूढ आहे. कारण नक्की सापडलेले नाही. गॅस हे त्याला दिलेले लाडके नाव आहे. तीन-चार महिन्यांनी ते थांबते. तोवर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, छातीशी धरून फिरवणे, पाळणा, अंधार आणि दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन आईला तासभर झोप हेच उपचार. शांत करणारे औषध त्यात नाही, आणि औषधाने बाळ शांत होत असेल तर ते का शांत झाले हे विचारायला हवे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी देऊन झोपवत. तिला नावच बाळागोळी होते. तीही ‘बाळ शांत झोपते’ याच दाखल्यावर चालली, आणि त्या बायकांपुढे दुसरा मार्ग नव्हता हे खरे असले तरी गोळी अफूचीच होती. इंग्लंडात १८५१ मध्ये सुरू झालेल्या ग्राइप वॉटरमध्ये शेपा, सोडा आणि साखर यांच्या जोडीला मद्यार्कही असे. पुढे तो काढला गेला. राहिलेल्या गोड पाण्याने पोटशूळ बरा होतो याला पुरावा नाही. गोड चव जिभेला लागली की बाळ दोन मिनिटे गप्प होते, आणि तेवढ्यावर बाटली खपते.

दोन गोष्टींबाबत मात्र चर्चेला जागा नाही. पहिली मध. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, सोन्याच्या वळ्याने तर नाहीच आणि साध्या बोटानेही नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ आधी नीट शी करेनासे होते, मग त्याचे रडणे क्षीण होते, मान टाकते, ओढून दूध पीत नाही. हा आजार १९७६ साली ओळखला गेला. त्याआधी त्याने मुले दगावली असतील तर ती दुसऱ्याच कुठल्या नावाखाली गेली. दुसरी गोष्ट टाकणखाराची लाही. बाळाच्या तोंडात दुधाच्या सायीसारखे पांढरे डाग दिसले की मधात लाही कालवून फिरवण्याची जुनी सवय आहे. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. ते पोटात जाऊन बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. तोंडातले ते डाग बुरशीचे असतात, आणि त्यांच्यावर बुरशीनाशक थेंब मिळतात. लाहीची काही गरज उरलेली नाही.

बाहेरून करायचे उपचार त्यामानाने सौम्य असावेत असे वाटते. काही आहेत. मालिश आईला आणि बाळाला दोघांनाही सुखाची असते आणि हलक्या हाताने केली तर तिला हरकत घेण्याचे कारण नाही. पण तेच तेल ‘नाक मोकळे व्हावे’ म्हणून नाकपुडीत सोडले की श्वासाबरोबर फुप्फुसात उतरते आणि तेलाचा न्यूमोनिया होतो, जो साध्या न्यूमोनियाच्या औषधांना दाद देत नाही. आंघोळीनंतर ओवा, वावडिंग, धूप आणि लसणाच्या साली शेगडीत टाकून कोंदट खोलीत दिलेली धुरी बाळाला ऊब देते खरी, पण जो धूर मोठ्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो तो बोरूएवढ्या श्वासनळीत काय करत असेल याचा अंदाज बांधायला शास्त्रज्ञ लागत नाही. आईच्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची, मग तो मुलगा असो की मुलगी, छाती थोडी सुजते, थेंबभर दूधही येते. न्हाऊ घालणारी बाई ते ‘पिळून काढते’, आणि आपोआप उतरणाऱ्या सुजेचे गळू होते. नाळेवर हळद, राख किंवा तेल काहीही नको, ती कोरडी ठेवली की स्वतः गळते. काजळ आणि सुरमा यांतला फरक विकत घेताना कळत नाही. सुरम्यात शिसे असू शकते, आणि बोटाने काजळ घालताना जो डोळा चिपडलेला असतो त्याचेच चिपाड दुसऱ्या डोळ्यात जाते. अशा डोळ्याला स्वच्छ ओल्या कापसाने पुसणे आणि नाकाच्या कोपऱ्यावर बोटाने खालच्या दिशेला दाब देऊन अश्रुनलिका मोकळी करणे पुरते. या सगळ्या यादीत दृष्ट काढणे हा सर्वांत निर्धोक उपाय म्हणावा लागेल: मीठ-मोहऱ्या बाळाभोवती फिरतात, आत काहीच जात नाही. मिरच्या चुलीत टाकायच्या तेवढ्या बाळाला दूर नेऊन टाकाव्यात.

दातांचा विषय थोडक्यात. सहाव्या महिन्याच्या आसपास पहिला दात येतो आणि त्याच सुमारास आईकडून मिळालेली रोगप्रतिकारक प्रथिने संपत येतात, बाळ सरपटू लागते, हाती येईल ते तोंडात घालते. ताप आणि जुलाब या दिवसांत होतात ते यामुळे. लाळ, हिरड्यांची शिवशिव, चिडचिड एवढे दाताच्या खात्यावर टाकावे. १०२ अंश ताप आणि दहा पातळ शी दाताच्या नावावर खपवू नयेत. इंग्लंडात दातांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत पारा असे. त्यामुळे मुलांचे हातपाय लाल होऊन दुखत, त्याला गुलाबी रोग म्हणत, आणि त्याचे कारण १९४८ मध्ये उमगेपर्यंत तीही ‘पिढ्यान्‌पिढ्यांची’ पूड होती.

आता तिसरा मुद्दा, निम्मा खरा. डॉक्टर बाटल्या लिहून देतात हे खरे, त्यातल्या बऱ्याच नको असतात हेही खरे. साध्या सर्दीला प्रतिजैविक लागत नाही, कारण ती विषाणूंची असते. सर्दी-खोकल्याची सिरपे लहान मुलांत उपयोगी पडत नाहीत, उपद्रवी मात्र ठरतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना ही औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. त्याचे निमित्त भयंकर होते. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाचे सिरप घेतलेल्या मुलांची लघवी बंद झाली, त्यातल्या अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणले गेले, आणि वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपात डायइथिलिन ग्लायकोलचे प्रमाण ४८.६ टक्के निघाले. मान्य मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्राला हे विष नवे नव्हते. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात याच द्रव्याने भेसळलेल्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले होते आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला होता.

परंतु यातून गुटी बरी ठरत नाही. अनावश्यक सिरप चूक असेल तर अनावश्यक चाटणही त्याच कारणाने चूक आहे. दोन्हीकडे ‘काहीतरी द्यायलाच हवे’ ही एकच समजूत काम करते. छिंदवाड्याच्या मुलांना बाटली लागत नव्हती, तशी गुटीही लागत नव्हती. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब, वरचेवर दूध, सहा महिन्यांपुढच्या मुलाला कोमट पेज आणि वर्षापुढच्याला झोपताना चमचाभर मध इतके पुरले असते. (हो, वर्षापुढे मध चालतो, खोकल्यावर त्याचा थोडाफार गुणही येतो. परंपरेतले जे टिकते ते मान्य करायला हरकत नसावी.) डॉक्टरवर आक्षेप असेल तर तो ‘हे औषध कशासाठी, आणि दिले नाही तर काय होईल?’ असा विचारावा. काही न लिहिता पाठवणाऱ्या डॉक्टरला फी देताना आपला हात अडतो, हे बाटल्यांचे एक कारण आहे.

जुलाबाच्या बाबतीत घरगुती उपाय आणि वैद्यक यांचे भांडणच नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, शिरेतून द्यायचे सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांची पाकिटे कोलकात्यात भरून घेतली, पाण्यात कालवली आणि नातेवाइकांच्या हाती पेले दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३-४ टक्क्यांवर आले. बिनशिकलेल्या आयांनी घरचा उपचार करून जीव वाचवले, हे त्याहून मोठ्या प्रमाणावर क्वचितच सिद्ध झाले असेल. फरक इतकाच की तिथे मापाला महत्त्व होते. ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात, संपूर्ण, एकदाच. अर्धे पाकीट अंदाजाने पेल्यात ढवळले तर मीठ वाढते आणि आजार बळावतो. कालवलेले पाणी २४ तासांनी फेकायचे. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, चमच्याने; उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा. सोबत चौदा दिवस झिंक, सहा महिन्यांपर्यंत रोज १० मिलिग्रॅम, त्यापुढे २०. आणि दूध किंवा जेवण चालूच. ‘पोटाला आराम’ म्हणून मुलाला उपाशी ठेवणे हा सर्वांत घातक घरगुती सल्ला आहे, कारण तो काळजीपोटी दिला जातो आणि ऐकला जातो. दुकानात ओआरएसच्या नावाखाली मिळणारी गोड पेये वेगळी; अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये असे नाव लावायला मनाई केली, पण खोक्यावरची फळांची चित्रे कायम आहेत.

तापात चूक होते ती मापाची. पॅरासिटामॉल किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतराने, दिवसात जास्तीत जास्त चारदा. आठ किलोच्या बाळाला एका वेळी १२० मिलिग्रॅम झाले. सिरपावर ‘५ मिलीत १२५’ लिहिले असेल तर जेमतेम ५ मिली, ‘५ मिलीत २५०’ असेल तर त्याच्या निम्मे, आणि ‘१ मिलीत १००’ लिहिलेले थेंब असतील तर १.२ मिली. थेंबांच्या बाटलीतून सवयीने पाच मिली पाजले तर चौपट मात्रा गेली. तिन्ही बाटल्या गुलाबी-केशरी आणि गोड असतात. मात्रा वयावर ठरत नाही, शेजारच्या मुलाच्या चमच्यावर तर नाहीच. निमेसुलाइड भारतात १२ वर्षांखालील मुलांना २०११ पासून मना आहे. घरात उरलेली जुनी बाटली असेल तर टाकून द्यावी. कोलनवॉटरच्या पट्ट्या आणि बर्फाचे पाणी यांनी कातडी गार आणि अंग थरथरते होते, आतला ताप उतरत नाही. सुती कपडा, पंखा आणि भरपूर पातळ पदार्थ बरे. आणि ताप हा आजार नसल्याने मूल खेळत असेल तर आकडा उतरवण्याचा आटापिटा नको.

या सर्व उपायांचा खरा अपाय बऱ्याचदा द्रव्यातून होत नाही, वेळेतून होतो. पोट फुगलेय म्हणून मेळघाटात तान्ह्या बाळांच्या पोटावर तापवलेल्या सळईचे किंवा विळ्याचे चटके दिले जातात. त्यावर शहरात हळहळ होते, ती योग्यच. पण शहरी घरात तीन दिवस गुटी, मग दोन दिवस गल्लीतल्या दुकानदाराचे सिरप, आणि मग दवाखाना, हा क्रमही त्याच जातीचा आहे. न्यूमोनियाला पाच दिवस नसतात. घरात तपासता येईल अशी खूण आहे: मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोट वर-खाली होणे मोजायचे. दोन महिन्यांखाली ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले तर तो न्यूमोनिया समजून त्याच दिवशी दवाखाना. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल तर लगेच.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत हेच मोजणे गावातल्या बायकांना शिकवले. ज्या बाळांना दवाखान्यापर्यंत नेणे शक्य नव्हते त्यांच्यापर्यंत घरी जाऊन वजन, ऊब, श्वास आणि दूध पिणे पाहणाऱ्या या आरोग्यदूतांमुळे ३९ गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. घरचा उपचार तिथे होता, बाईच्याच हाती होता, गावातलाच होता. पण त्याला घड्याळ, वजनकाटा आणि नोंदवही जोडलेली होती, आणि कोणत्या क्षणी आपले काम संपते हे तिला ठाऊक होते.

तो क्षण दोन महिन्यांखालच्या बाळात फार लवकर येतो. या वयात ताप, अंग गार पडणे, दूध ओढायचे थांबणे, झोपेतून उठवताही न येणे, झटका, पहिल्या २४ तासांत दिसलेली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पोचलेली कावीळ, हिरवी उलटी, नाळेभोवतीची लाली यांपैकी एकही दिसले की घरी करण्यासारखे एवढेच उरते: बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावून वरून गुंडाळायचे, पिते तेवढे पाजायचे, आणि निघायचे. बारा तास लघवी न झालेले, रडताना डोळ्यांत पाणी न येणारे, शीमध्ये रक्त दिसणारे मूल वयाने मोठे असले तरी याच यादीत येते.